झाड आपले, भाव दुसऱ्याचा
रत्नागिरी जिल्ह्यातील खाजगी जंगल आणि गरीब घराचा हिशेब

अलोरे म्हटले की बाहेरच्या माणसाला कोयना प्रकल्प आठवतो. कोळकेवाडीचे धरण, पोफळीचे वीजघर, प्रकल्पाची वसाहत. या प्रकल्पाने आपल्या भागातील पुष्कळ घरांना नोकरी दिली, महिन्याचा पगार दिला. पण ज्या घरात पगार येत नाही त्या घराची चूल कशावर चालते? भातशेती चार महिन्यांची. मुंबईची मनिऑर्डर पूर्वी पोस्टमन आणून देई, आता मुलगा मोबाईलवरून पैसे पाठवतो. आणि तिसरा आधार म्हणजे रान. दिवाळी झाली, वाटा सुकल्या, की डोंगरातून कुऱ्हाडीचा आणि यांत्रिक करवतीचा आवाज येऊ लागतो तो मे महिन्यापर्यंत. लाकडाने भरलेल्या गाड्या चिपळूण-कराड रस्त्याने जाताना आपण सगळेच पाहतो. काही खाली चिपळूणकडे वळतात, काही कुंभार्ली घाट चढून वर जातात.

या गाड्यांत आपलेही झाड असते. कोणाच्या वाट्याचा खैर, कोणाच्या बांधावरचा किंजळ, कोणाच्या आजोबांनी राखलेला साग. आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा आणि खर्च शेजारी शेजारी मांडून पाहण्याची आम्हाला सवय आहे. म्हणून या लेखात आम्ही लाकडाचा हिशेब मांडणार आहोत. जंगलाच्या धंद्यात पैसा किती टप्प्यांनी वाढतो, त्यातला आपल्या घरात किती येतो आणि जास्त यावा म्हणून काय करता येईल, एवढेच सांगायचे आहे.

जंगल आहे, पण कोणाचे?

रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर आहे. उपग्रहाच्या पाहणीत त्यातला सुमारे निम्मा भाग झाडांखाली दिसतो. एवढे हिरवे असूनही वनखात्याच्या मालकीची जमीन या जिल्ह्यात अगदी थोडी आहे. गडचिरोली किंवा चंद्रपूरसारखी सरकारी जंगलाची मोठमोठी क्षेत्रे इथे नाहीत. इथले बहुतेक जंगल खाजगी मालकीचे, सातबाऱ्यावर नाव असलेले. सरकारी जंगलातले झाड विकले तर पैसा सरकारी तिजोरीत जातो. आपल्या जिल्ह्यातले झाड विकले तर पैसा खातेदाराकडे जायला हवा. तेव्हा खातेदार कोण, हा इथला मूळ प्रश्न होय.

याचे उत्तर खोतीत आहे. कोकणात गावेच्या गावे खोतांच्या हाती होती. कूळ भात पिकवी आणि खोताला मक्ता देई. वरकस रान आणि त्यातली झाडे यांवर खोताचाच शब्द चाले. १९२९ च्या एप्रिल महिन्यात चिपळूण येथे रत्नागिरी जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते आणि त्या परिषदेत खोतीचा प्रश्न पुढे आला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून व इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

खोती गेली, पुढे कूळकायदा आला, तरी डोंगराचा मोठा भाग जुन्या मोठ्या खातेदारांकडेच राहिला. आपल्या माणसांकडे जी जमीन आली ती दोन वाटांनी. काहींना कुळाच्या हक्काने थोडी मिळाली. काहींकडे वतनाची होती. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली आणि ठरावीक रक्कम भरून त्या जमिनी वतनदार कुटुंबांना परत देण्यात आल्या. अशा जमिनी विकायच्या तर सरकारी परवानगीची अट असते आणि सातबाऱ्यावर बहुधा वर्ग दोन असा शेरा असतो. एका तुकड्यावर दहा-पंधरा नावे. निम्मे खातेदार मुंबईत, काही वारलेले, वारसांची नोंद झालेली नाही. अशी जमीन नांगराखाली येत नाही. ती तशीच पडून राहते आणि तिच्यावर रान वाढते. गरीब घराकडे जंगल आले ते असे, कसायला न जमलेल्या जमिनीवर आपोआप उगवलेले.

खैराचा प्रवास

या रानातले सर्वांत पैशाचे झाड म्हणजे खैर. काटेरी, वेडेवाकडे, सावली विरळ, पाहायला काहीच नाही. पण त्याच्या आतला लाल गाभा म्हणजेच कात. चिपळूण तालुक्यातील सावर्डे परिसर कातासाठी ओळखला जातो आणि तेथील कारखान्यांवर पुष्कळ घरांची रोजीरोटी आहे.

खैर तोडला की साल आणि वरचे पांढरे लाकूड सोलून काढतात. उरलेल्या लाल लाकडाला सोलीव म्हणतात आणि ते बहुधा वजनावर जाते. कारखान्यात त्याचे बारीक तुकडे करतात, ते पाण्यात उकळतात, उतरलेला अर्क आटवतात आणि थंड करतात. थंड झाल्यावर कात खाली बसतो. तो दाबून पाणी काढतात, वड्या पाडतात, सुकवतात. उरलेला गडद अर्क वेगळा आटवला की त्याचाही माल होतो आणि तो चामडे कमावायला व रंगाच्या कामाला जातो. गाभ्याच्या १०० किलो लाकडातून कात निघतो तो साधारण चार-पाच किलो.

म्हणजे एका झाडावर किती हात फिरतात ते मोजा. खातेदार झाड विकतो. ठेकेदार ते घेतो. तोडकरी तोडतो, सोलकरी सोलतो, हमाल डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणतो, गाडीवाला नेतो. कारखानदार शिजवतो. व्यापारी कात परराज्यात पाठवतो. तिथे त्याचे पान होते, औषध होते, पानमसाला होतो. या साखळीत झाड पंधरा-वीस वर्षे सांभाळणारा आणि ते अंगावर काटे घेऊन तोडणारा, हे दोघेच पहिल्या टोकाला आहेत, आणि भाव ठरवताना या दोघांनाच कोणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. कातातला मोठा वाटा पानमसाला आणि गुटख्याच्या धंद्यात जातो. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या टपरीवर मिळतात हे आपण जाणतो. आपल्याच डोंगरातला खैर स्वस्तात जातो आणि पुडीच्या रूपाने महाग होऊन आपल्याच तरुण मुलांच्या तोंडात परत येतो. हा खर्चही घरातील बायामाणसांनी हिशेबात धरावा.

कात करणारे कातकरी

कात हा आज कारखान्याचा माल आहे. पण ही विद्या मूळची कोणाची? नावातच उत्तर आहे. कातकरी, कुठे त्यांना काथोडी म्हणतात. कोकणातल्या रानात खैर तोडायचा, त्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, अर्क आटवून कात करायचा, हा या जमातीचा धंदा होता. झाड ओळखण्यापासून वडी पाडण्यापर्यंत सगळे ज्ञान त्यांच्या हातात होते.

इंग्रज सरकारने १८७८ चा जंगल कायदा केला. जंगलात जाणे, लाकूड तोडणे, भट्टी लावणे यांवर बंधने आली. कातकऱ्याच्या हातातून खैर गेला. मग तो कोळशाच्या भट्टीवर गेला, पुढे वीटभट्टीवर गेला. आगाऊ रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत घरादारासह राबायचे, अशा वेठीला तो बांधला गेला. आज सरकार कातकऱ्यांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत करते. ज्या जमातीने काताचा धंदा उभा केला तीच आज दुसऱ्याच्या तोडीवर रोजाने जाते.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. आपल्या वाड्यांतील तोडकरी आणि कातकरी वाडीतील तोडकरी एकाच डोंगरात, एकाच ठेकेदाराकडे काम करतात. पण मजुरीच्या बोलीत ठेकेदार दोघांना वेगळे पाडतो. 'ते कमी घेतात' असे आपल्याला सांगतो, आणि त्यांना काय सांगत असेल ते ओळखणे कठीण नाही. दोघांनी एकत्र बसून दर ठरवला तर दोघांचाही फायदा आहे.

जळाऊ, इमारती आणि पेटीचे लाकूड

खैर सोडला तर उरलेल्या रानाचे तीन उपयोग. पहिला जळाऊ लाकूड. कोकणच्या किनाऱ्यावरून गलबते भरून मुंबईला जळण जात असे, हा जुना व्यापार. आज घरात गॅस आला. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर आला. तरी न्हाणीची चूल अजून लाकडावरच पेटते आणि दुसरा सिलिंडर परवडला नाही की सैपाकाचीही. बाहेर मात्र जळणाची मागणी संपलेली नाही. भट्ट्या, बॉयलर, घाटावरचे छोटे कारखाने यांना ते लागते. ऐन, किंजळ, जांभूळ अशी वर्षानुवर्षे वाढलेली झाडे टनाच्या भावाने जळणात जातात, हे मनाला लागते.

दुसरा इमारती लाकूड. साग, ऐन, किंजळ, फणस. जुन्या कोकणी घराचे वासे आणि खांब याच लाकडाचे. सिमेंट आणि लोखंडी पत्रा आल्यापासून ही मागणी बदलली. तरी दारे, चौकटी, फर्निचर यासाठी गिरणीवर लाकूड जातच असते. गिरणीवर फळ्या पाडणारा, सुतार, पॉलिशवाला, अशी कामे यातून निघतात. आमच्या मते जळणापेक्षा या वाटेने गेलेले लाकूड गावाला जास्त देते, कारण एकाच ओंडक्यावर अधिक हातांना काम मिळते.

तिसरा उपयोग आंब्याच्या पेटीचा. हापूसच्या हंगामात लाकडी पेटी हे कोकणाचे मोठे काम होते. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, खिळे, गवत. आता पुठ्ठ्याचे खोके आले आहेत, त्यामुळे हे काम पूर्वीसारखे राहिलेले नाही.

याखेरीज झाड न तोडता मिळणारा माल आहे. शिकेकाई, हिरडा, रातांबा, करवंद, मध. हा बायामुलांच्या कष्टाचा माल. रातांब्याचे आमसूल आणि सरबत शहरात चांगल्या भावाने विकले जाते, पण ओला रातांबा झाडाखालीच पाटीच्या भावाने देऊन टाकला जातो. साल काढून, मीठ लावून, वाळवून विकला तर तोच माल किती वाढतो, हे बचत गटातल्या भगिनींना आम्ही सांगायला नको.

उक्ता सौदा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. झाड विकताना आपल्याकडे सौदा उक्ता होतो. ठेकेदार येतो, डोंगराकडे बोट दाखवतो, आणि 'या पऱ्यापासून त्या पऱ्यापर्यंत इतके देतो' असे म्हणतो. झाडे मोजली जात नाहीत. कोणत्या जातीची किती, कोणाची गोलाई किती, काही लिहिले जात नाही. घरात आजारपण असते, मुलीचे लग्न ठरलेले असते, कॉलेजची फी भरायची असते. ठेकेदार रोख नोटा पुढे ठेवतो. आपण अंगठा किंवा सही देतो.

समजा, सौदा १,४०,००० रुपयांना ठरला आणि सातबाऱ्यावर १४ नावे आहेत. प्रत्येकी १०,००० आले. मुंबईकर मंडळींना वाटते, पडीक जमिनीचे दहा हजार आले, बरे झाले. गावाकडच्या मंडळींना वाटते, अडचण भागली. पण त्या रानात सोलीव खैर किती टन होता? साग किती घनफूट होता? हे कोणालाच माहीत नाही. वाणसामानाच्या दुकानात साखर तोलून घेतो, रेशनवर तांदूळ तोलून घेतो, आणि वीस वर्षांचे रान मात्र न तोलता देतो.

लाकूड मोजणे अवघड नाही. ओंडक्याची गोलाई मध्यावर सुतळीने घ्यावी. तिचे चार भाग करून एका भागाला त्याच आकड्याने गुणावे, आणि आलेल्या आकड्याला लांबीने गुणावे. सगळी मापे फुटात घ्यावीत. उदाहरणार्थ, गोलाई चार फूट आणि लांबी दहा फूट असेल तर, चाराचा चौथा भाग एक, एक गुणिले एक एक, त्याला दहाने गुणले की दहा घनफूट. गोलाई तीन फूट, लांबी बारा फूट असेल तर पाऊण गुणिले पाऊण गुणिले बारा, म्हणजे पावणेसात घनफूट. सातवीतल्या मुलाला हे गणित येते. सौदा ठरवण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलांना वही-पेन्सिल देऊन रानात पाठवावे. झाडाची जात आणि गोलाई लिहून आणावी. उभ्या झाडाची उंची अंदाजानेच धरावी लागते, पण नुसती झाडांची यादी हातात असली तरी ठेकेदाराची बोली बदलते.

आम्हाला इथे बँकेतील मुदत ठेवीची उपमा सुचते. रान म्हणजे मुद्दल. दरवर्षी ते वाढते, ती वाढ म्हणजे व्याज. मोठी, पक्की झाडे निवडून काढली आणि लहान राखली तर आपण व्याज खातो. सगळे रान एकदम साफ केले तर मुद्दल खाल्ले. आणि उक्ता सौदा करून साफ केले तर मुद्दल अर्ध्यामुर्ध्या किमतीत खाल्ले. खैराचे खोड नीट, जमिनीलगत आणि उतरते कापले तर बुंध्याला पुन्हा धुमारे येतात. त्यातले एक-दोन जोमदार राखले आणि गुरांपासून जपले तर पुढच्या पिढीसाठी झाड तयार होते. खोड फोडून-फाडून ठेवले किंवा मुळासकट उपटले तर तोही मार्ग बंद.

कायदा काय सांगतो

आपल्या जमिनीतले झाड असले तरी ते वाटेल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ साली झाला. त्याच्या अनुसूचीतील झाडे तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, चंदन, बिवळा, हळदू, तिवस, अंजन आणि खाडीतील तिवर अशी झाडे आहेत. अर्जाबरोबर सातबारा लागतो, सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती लागते. अधिकारी जागा पाहतो. परवानगीनंतर तोड होते, मालावर वनखात्याचा हातोडा बसतो आणि वाहतुकीचा परवाना मिळाल्यावर गाडी हलते. रत्नागिरी विभागाचे वनखात्याचे कार्यालय चिपळूणलाच आहे, फार लांब नाही.

प्रत्यक्षात हे सगळे कागद ठेकेदार करतो. 'तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो' असे तो म्हणतो. इथेच धोका आहे. परवानगी एका सर्व्हे नंबरची आणि तोड शेजारच्या नंबरात, असे झाले तर गुन्ह्याच्या कागदावर नाव खातेदाराचे येते. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही कधीही देऊ नये. परवानगीची, संमतीपत्राची आणि वाहतूक परवान्याची प्रत स्वतःच्या घरात ठेवावी. तोडीवर जाणाऱ्या मजूर बांधवांनीही परवाना कुठल्या नंबरचा आहे हे विचारावे, कारण धाड पडली तर पकडला जातो तो कुऱ्हाड हातात असलेला माणूस.

आणखी एक कायदा जाणण्यासारखा आहे. १९६९ साली महाराष्ट्र सरकारने अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडविक्रीविषयी अधिनियम केला. आदिवासी खातेदाराची उभी झाडे ठेकेदार कवडीमोलाने उचलतात, हे सरकारने ओळखले. म्हणून अशा झाडांची विक्री सरकारी यंत्रणेमार्फत व्हावी, मूल्यमापन व्हावे आणि पैसे खातेदाराला मिळावेत, अशी तजवीज केली. या कायद्याचा लाभ आपल्या समाजाला नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. उभ्या झाडाचा उक्ता सौदा ही लुटीची जागा आहे, हे खुद्द कायद्याने मान्य केले आहे.

याआधीचाही एक धडा आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या पिळवणुकीवर सरकारला अहवाल दिला होता. पुढे १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ठाणे जिल्ह्यात त्या विशेष वाढल्या. ठेकेदाराला बाजूला सारून मजुरांच्या संस्थेलाच सरकारी जंगलातले कूप तोडायला द्यायचे, ही त्यामागची कल्पना. सगळ्याच संस्था चांगल्या चालल्या असे नाही. काहींमध्ये ठेकेदारच मागच्या दाराने शिरले. तरी तोडणाऱ्याने स्वतः विकावे, ही कल्पना खरी होती. आपल्या जिल्ह्यात जंगल खाजगी, त्यामुळे सरकारी कुपांचा आधार इथे नाही. पण आज शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते, सहकारी संस्था काढता येते. दहा सामाईक खात्यांचा माल एकत्र आला तर कारखान्याशी थेट बोलता येईल.

उतार आणि पाऊस

हिशेबात एक खर्च कोणीच धरत नाही. तो म्हणजे डोंगर उघडा पडण्याचा. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो. उतारावर झाड आणि झुडूप असेल तर पाणी पालापाचोळ्यातून मुरत जाते. रान साफ केले, वर यंत्राने रस्ता काढला, तर माती पहिल्याच पावसात पऱ्याला लागते आणि पऱ्यातून वाशिष्ठीत जाते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्यात बुडाले. पूर अतिवृष्टीने आला हे खरे. पण नदीत साठलेल्या गाळाचा प्रश्न त्यानंतर इतका तीव्र झाला की नागरिकांना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे गाळ काढण्याचे मोठे काम सुरू झाले. तो गाळ म्हणजे डोंगरावरची माती.

त्याच रात्री खेड तालुक्यातील पोसरे येथील बौद्धवाडीवर दरड कोसळली. सतरा माणसे गेली. ती दरड अमक्या तोडीमुळे आली असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण आपल्या वाड्या गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, उताराखाली का आहेत, याचे उत्तर जातीच्या इतिहासात आहे. उतारावरचे रान उघडे पडले तर पहिला धोका कोणाच्या घराला, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा वाडीच्या डोक्यावरचे रान कितीही पैसे आले तरी विकू नये. त्याचा मालक दुसरा असेल आणि तो तोड करणार असेल तर ग्रामपंचायतीत आणि तहसीलदारांकडे लेखी हरकत घ्यावी, पोच घ्यावी.

घरातील मंडळींनी काय करावे

'जंगल तोडू नका' असा उपदेश करणे सोपे आहे. ज्याच्या घरात अडचण आहे तो झाड विकणारच, आणि त्याचा तो हक्क आहे. आम्ही एवढेच म्हणतो की विकताना मालकासारखे विकावे.

पहिले काम सातबाऱ्याचे. मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुट्टीत मुंबईची मंडळी गावी येतात तेव्हा एकत्र बसावे, वारसांची नोंद करून घ्यावी, आणि सख्ख्या-चुलत भावांनी कोणाचा वाटा किती हे लिहून ठेवावे. मुलींची नावेही वारसात लागतात, ती गाळू नयेत. वर्ग दोनचा शेरा असेल तर आधी तलाठ्याकडे व तहसीलदार कार्यालयात चौकशी करावी, मगच पुढे जावे.

दुसरे, झाडांची यादी करावी आणि निदान दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. तिसरे, पक्की झाडेच काढावीत, उताराच्या कडेची आणि पऱ्याकाठची राखावीत. चौथे, तोडलेल्या जागी पुन्हा लावावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, तेथे खैर आणि इतर झाडांच्या लागवडीची माहिती मिळू शकते. ज्यांना वीस वर्षे थांबणे शक्य नाही त्यांनी बांधावर बांबू लावावा. सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू घराघरांतून लावला जातो आणि चार-पाच वर्षांत काठ्या मिळू लागतात. २०१७ साली केंद्र सरकारने वन कायद्यात दुरुस्ती केली आणि वनाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला. खैराला लागणारी तोडीची परवानगी त्याला लागत नाही.

पाचवे काम मजूर बांधवांचे. तोड, सोलणे आणि वाहणे यांचा दर काम सुरू होण्याआधी ठरवावा, हजेरी स्वतःच्या वहीत लिहावी. यांत्रिक करवतीने पाय कापला, झाड अंगावर आले, असे प्रकार या कामात होतात. दवाखान्याचा खर्च कोण करणार हे आधीच बोलून घ्यावे. आगाऊ रक्कम घेतली तर ती लिहून घ्यावी.

खोताशी लढताना आपल्या आजोबा-पणजोबांना जमीन मिळवायची होती. त्यांच्यापाशी सातबारा नव्हता, शिक्षण नव्हते, तरी ते मुंबईपर्यंत गेले. आज आपल्या घरात पदवीधर मुले आहेत, हातात मोबाईल आहे, सातबारा त्यावर दिसतो. एवढे असून आपले रान न मोजता जात असेल तर त्याचा विचार आपणच करायला हवा. येत्या सुट्टीत भावकीची बैठक बोलवा, सातबारा मधे ठेवा आणि एक दोरी, एक वही घेऊन रानात जा. भाव त्यानंतर ठरवू.